बेलोडेडिच की किवू: आधी कोणाचे सामने पाहावेत?

रोमानियाचा एकच बचावपटू घ्यायचा, त्याचे जुने सामने शोधून नीट पाहायचे, असं ठरवलं असेल तर माझ्या मते निवड दोघांतच आहे: मिओड्राग बेलोडेडिच आणि क्रिस्तियान किवू. गिका पोपेस्कू यादीत का नाही, असं कोणीतरी विचारणारच. 115 आंतरराष्ट्रीय सामने, बार्सिलोनाचं कर्णधारपद, सगळं मान्य. पण तो बराच काळ मधल्या फळीत खेळला, आणि त्याला निव्वळ बचावपटू म्हणून तोललं तर त्याचंच माप कमी भरेल.

उरलेले दोघे एकाच जिल्ह्यातले. रोमानियाच्या नैऋत्य कोपऱ्यातला काराश-सेवेरिन. बेलोडेडिच 1964 चा, सर्बियाच्या सीमेला चिकटलेल्या सोकोल गावातला, सर्ब वंशाचा. किवू 1980 चा, पोलाद कारखान्यांच्या रेशित्सा शहरातला. युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, युरो 2000 च्या संघात दोघेही होते, एक छत्तिसाव्या वर्षी आणि दुसरा एकोणिसाव्या.

मधल्या सोळा वर्षांत रोमानिया पार बदलला होता, आणि दोघांच्या कारकिर्दींतला मोठा फरक तिथूनच येतो. किवू रोमानियातल्या क्रायोव्हा क्लबमधून 1999 मध्ये नेदरलँड्सच्या आयाक्सला गेला तो रीतसर, पैसे मोजून झालेल्या करारावर. बेलोडेडिचच्या वेळी हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट होती आणि तो स्टेआवा बुखारेस्टचा, म्हणजे लष्कराच्या क्लबचा खेळाडू होता. 1986 मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये बार्सिलोनाला हरवून स्टेआवाने युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला, त्या संघाचा तो लिबेरो, म्हणजे बचावफळीच्या मागचा मोकळा बचावपटू. तरी 1988 च्या डिसेंबरात आई आणि बहिणीसह तो युगोस्लाव्हियात निघून गेला आणि लहानपणापासून ज्याचा चाहता होता त्या रेड स्टार बेलग्रेडच्या दारात उभा राहिला. मायदेशात त्याच्या गैरहजेरीत खटला चालला आणि देशद्रोहासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. फुटबॉलची बंदी वेगळीच. 1990 चा विश्वचषक रोमानिया त्याच्याशिवाय खेळला. पुढे राजवट पडल्यावर 1992 पासून तो पुन्हा राष्ट्रीय संघात दिसू लागला.

1991 च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात, इटलीतल्या बारी शहरात रेड स्टारने मार्सेलला पेनल्टींवर हरवलं, त्यात एक पेनल्टी त्याची होती. पूर्व युरोपातले युरोपियन कप जिंकलेले क्लब दोनच, स्टेआवा आणि रेड स्टार. दोन्हींकडून तो जिंकलेला खेळाडू एकच. किवूकडेही हा कप आहे, 2010 चा, इंटर मिलानबरोबर. शिवाय त्याच मोसमात इटलीची लीग आणि तिथला चषक, कोप्पा इटालिया. कपाटातल्या चषकांवरून निकाल लावायचा म्हटला तर बेलोडेडिच थोडा पुढे राहील, पण त्यावरून ठरवू नका.

खेळ बघा. बेलोडेडिच बचावफळीच्या मागे मोकळा असायचा. चेंडू कुठे येणार हे ओळखून तिथे आधीच पोहोचलेला, त्यामुळे घसरून टॅकल करायची वेळ त्याच्यावर क्वचितच यायची. मग चेंडू घेऊन डोकं वर ठेवून तो मध्यरेषेपर्यंत चालत यायचा. रोमानियात त्याला 'हरीण' म्हणायचे, ते त्या धावण्यावरून. खरी अडचण अशी की त्याचे दोन्ही विजयी अंतिम सामने 120 मिनिटं गोलशून्य आहेत आणि पाहायला, स्पष्टच सांगतो, रटाळ आहेत. सेव्हिलच्या सामन्यात गोलरक्षक दुकादामने चार पेनल्टी अडवल्या तेवढा शेवट सोडला तर बाकी झोप येते. बारीला रेड स्टारने मुद्दामच हातचं राखून खेळ केला. म्हणून सुरुवात तिथून नको. 1991 च्या उपांत्य फेरीतले बायर्न म्युनिकविरुद्धचे दोन सामने घ्या. म्युनिकला रेड स्टारचा 2-1 विजय, मग बेलग्रेडला 2-2, आणि शेवटच्या मिनिटाला बायर्नच्या आउगेनथालरचा स्वयंगोल. हा संघ पुढे किती मोकळा खेळतो आणि मागे एकटा माणूस किती जागा सांभाळतो, ते तिथे दिसतं. त्यानंतर 1994 च्या विश्वचषकातला अर्जेंटिनाविरुद्धचा 3-2. तो सामना लोक हाजी आणि दुमित्रेस्कूसाठी पाहतात. तुम्ही मागच्या माणसाकडे लक्ष ठेवा.

त्याच स्पर्धेत स्वीडनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत 2-2 नंतर शूटआउट झालं आणि शेवटची पेनल्टी बेलोडेडिचची; स्वीडनचा गोलरक्षक राव्हेलीने ती अडवली, रोमानिया घरी. बारीला जमलेलं काम कॅलिफोर्नियात जमलं नाही.

किवूची गोष्ट जागा बदलत राहण्याची आहे. आयाक्समध्ये तो डाव्या पायाचा मध्यवर्ती बचावपटू होता. लांब पास अचूक, फ्री-किक धारदार, आणि अगदी तरुण वयात कर्णधारपद. 2002 ला लीग आणि कप दोन्ही. रोममध्ये चार मोसम, दुखापती बऱ्याच. 2007 ला इंटरमध्ये आल्यावर त्याला डावीकडे ढकललं गेलं. राष्ट्रीय संघात 2008 च्या युरोत तर तो बचावफळीसमोर मध्यरक्षक म्हणून खेळला. फ्रान्स, इटली आणि नेदरलँड्सच्या गटात दोन बरोबरी, एक पराभव. विश्वचषक मात्र त्याच्या नशिबात नव्हता. 2002, 2006, 2010, तिन्ही वेळा रोमानिया पात्रच ठरला नाही.

6 जानेवारी 2010 ला किएव्हो क्लबविरुद्ध त्यांच्या पेलिसिएरशी डोक्याला डोकं आपटलं आणि किवूची कवटी फ्रॅक्चर झाली. शस्त्रक्रिया झाली. त्याच मोसमात तो डोक्यावर संरक्षक टोपी घालून परत आला, तो पुढे कायम तशाच वेशात. एप्रिलमध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नाऊ मैदानावर त्यांच्याविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा दुसरा उपांत्य सामना. सरावात इंटरचा पांदेव्ह जखमी झाला, ऐन वेळी किवूला डाव्या बाजूला पुढे उतरवलं, अर्ध्या तासाच्या आत इंटरच्याच मोट्टाला लाल कार्ड. उरलेला वेळ इंटर दहा जणांनी जवळजवळ स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राच्या काठावरच खेळला, 0-1 हरला आणि दोन सामन्यांच्या बेरजेत 3-2 ने अंतिम फेरीत गेला. या सामन्यात किवूचा एकही देखणा क्षण नाही. कोणाच्या मागे धावायचं आणि कोणाला सोडून द्यायचं, हे मात्र तिथे शिकण्यासारखं आहे. माद्रिदच्या अंतिम सामन्यात तो डावा बचावपटू होता, समोर बायर्नचा रॉबेन. पिवळं कार्ड मिळालं, 68 व्या मिनिटाला त्याला बाहेर घेतलं. अर्थात तोवर तो तग धरून होता.

त्याची काळी बाजूही आहे. 2011 मध्ये बारी क्लबच्या एका खेळाडूला त्याने ठोसा मारला, चार सामन्यांची बंदी भोगली. त्याच वसंतात मिलान डर्बी, म्हणजे शहरातल्याच एसी मिलानविरुद्धचा सामना, आणि शाल्केविरुद्धचा 2-5 चा सामना, दोन्हींत लाल कार्ड. पाय मंदावले की बचावपटू हातघाईवर येतो, त्याचं हे धडधडीत उदाहरण. बेलोडेडिच त्या वळणावर गेला नाही. स्पेन आणि मेक्सिको करून तो स्टेआवात परतला आणि 2001 मध्ये थांबला.

आता निवड. तुम्ही स्वतः खेळत असाल किंवा मुलांना शिकवत असाल, तर किवू. लिबेरोची जागाच आज संघांत उरलेली नाही. चार जणांच्या सरळ फळीत मुलाला मागे मोकळं सोडलं तर प्रतिस्पर्धी ऑफसाइडची चिंताच सोडून देतील. डाव्या पायाचा, दोन-तीन जागा सांभाळणारा बचावपटू मात्र प्रत्येक प्रशिक्षकाला हवा असतो. किवू स्वतःही आता त्याच बाजूला आहे: इंटरच्या युवा संघाला 2022 मध्ये विजेतेपद, 2025 मध्ये पार्माला खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचवणं, आणि लगेच इंटरचं मुख्य प्रशिक्षकपद.

शिकायचं काही नसेल, फुटबॉल बघण्याची नुसती हौस असेल, तर मी बेलोडेडिचच सांगेन. आणि संध्याकाळ एकच मोकळी असेल तर बेलग्रेडचा 2-2 लावा. किवूसाठी वेळ उरलाच, तर युरो 2000 मधल्या इंग्लंडविरुद्धच्या 3-2 मधला त्याचा गोल बघा. क्रॉस म्हणून मारलेला चेंडू थेट जाळ्यात गेलाय, आणि तो मुद्दाम मारला होता की नाही यावर तुमचं मत माझ्याहून वेगळं असू शकतं.