यझदी 250: बोअर मारा, परत पळवा

वडिलांची 1984 ची यझदी मोटरसायकल माझ्या ताब्यात आली तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या बसत होत्या. टाकी धुतली, पॉइंट (प्लगला ठिणगी देणारे संपर्क) घासले, प्लग नवा टाकला. सातव्या किकला डुग डुग करत असा धूर सोडला की शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे उचलून आत नेले.

या इंजिनात बिघडायला आहेच काय? पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. टू-स्ट्रोक असल्यामुळे व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 65 मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 75 मिमी. स्ट्रोक लांब, म्हणून खालच्या आरपीएमलाच ओढ मिळते. पसरणी घाटात मागे बायको आणि मांडीवर स्ट्रॉबेरीची खोकी असतानाही ती कुरकुरत नाही. सिलिंडर लोखंडी. झिजला की लेथवाल्याकडे बोअर मारायचा, म्हणजे आतून कातून थोडा मोठा करायचा, पुढच्या मापाचा पिस्टन टाकायचा, की झाली गाडी तयार. आमच्या गाडीचं हे दोनदा झालंय. हल्लीच्या प्लेटिंगवाल्या (आतून पातळ मुलामा दिलेल्या) सिलिंडरला ही सोय बहुतेक नसते. सरळ नवा घ्या म्हणतात. यझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला, तरी जुन्या बाजारात पार्ट मिळतात, ते यामुळेच.

गंमत म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, पुढे खाली आणला की गिअर. नवख्या माणसाला गाडी दिली की तो पाच मिनिटं किकच शोधत बसतो. (मी सांगत नाही.)

आता खर्चाचं. ॲव्हरेज 28 च्या वर मला कधी मिळालं नाही. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली ऑइल आपणच मोजून घालायचं. दोन्ही सायलेन्सरच्या जाळ्या काजळीने बुजतात. वर्षातून एकदा काढून चुलीत जाळाव्या लागतात, आणि तो वास दोन दिवस घरात राहतो.

जुनी घ्यायची झाली तर रंग, क्रोम बघत बसू नका. गरम झाल्यावरही निळा धूर थांबत नसेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर डावीकडचं क्रँक सील (गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककडे जाऊ न देणारी कडी) गेलंय, इंजिन तिथून ऑइल पितंय. सील स्वस्त, मजुरी महाग. तेवढे पैसे आधीच कापून भाव सांगा.