वॉर्ड ऑफिसची ऑनलाइन सेवा : दाखल्याला चार स्टार, तक्रारीला दोनच

आमचं घर ऐरोलीत आणि दुकान ठाण्यात, त्यामुळे खाडीच्या दोन्ही बाजूंच्या ऑफिसांत काही ना काही काम निघतंच. हा रिव्ह्यू त्यातल्या एका वॉर्ड ऑफिसच्या ऑनलाइन सेवेचा आहे. कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना त्रास व्हावा असं मला अजिबात वाटत नाही, आणि जे लिहितेय ते बऱ्याच ठिकाणी असंच चालतं.

आधी चांगलं सांगते. बहिणीच्या बाळाचा जन्मदाखला हवा होता. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, म्हणून उशीर करायचा नव्हता. हॉस्पिटलने नोंद २१ दिवसांच्या आत पाठवली होती, अर्ज घरून भरला, पैसे यूपीआयने गेले, मोबाइलवर अर्ज क्रमांक आला आणि दाखला मुदतीच्या आत मिळाला. मध्ये एकदा आईच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नव्हतं तर तिथल्या मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, ताई हॉस्पिटलचं पत्र तेवढं अपलोड करा, फेरी मारू नका. हे मला फार आवडलं. दहा वर्षांपूर्वी याच कामाला माझ्या भावाने अर्धा दिवस रांगेत घालवला होता, वर जेवणाची सुट्टी झाली म्हणून परत पाठवलं होतं ते वेगळंच.

आता तक्रारीचं. आमच्या सोसायटीच्या गेटजवळचं चेंबर तुंबून घाण पाणी रस्त्यावर येत होतं, तिथूनच शाळेची मुलं जातात, म्हणून मी अ‍ॅपवर फोटो टाकून तक्रार केली. अ‍ॅप दिसायला छान आहे, मराठीत आहे, लोकेशन आपोआप घेतं, टोकन नंबर लगेच मिळतो. पुढे काय झालं तर दोन दिवसांत मेसेज आला, सदर तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे, स्टेटस निकाली. पाणी तसंच वाहतंय आणि तक्रार निकाली! पुन्हा टाकली, पुन्हा तेच. मलनिस्सारणवाले म्हणतात ही पावसाळी गटाराची लाइन आहे, बांधकामवाले म्हणतात आतला गाळ काढणं घनकचऱ्याचं, घनकचऱ्याचे म्हणतात आम्ही फक्त बाहेर काढून ठेवलेला गाळ उचलतो, आणि प्रत्येक जण आपल्यापुरतं बरोबरच बोलतोय.

मग मी जाऊन बसले आणि विचारलं की ही तक्रार आत नेमकी जाते कशी. तिथल्या एका क्लार्क काकांनी न चिडता सगळं दाखवलं. तक्रार ऑपरेटरच्या स्क्रीनवर येते, तो प्रिंट काढतो, प्रिंट त्या त्या विभागाच्या ट्रेमध्ये जाते, ज्युनियर इंजिनियर साइटवरून आल्यावर त्यावर शेरा मारतो, आणि ऑपरेटर तो शेरा परत टाइप करतो. म्हणजे ज्याने काम करायचं त्याच्याकडे लॉगिनच नाही. दुसऱ्या विभागाकडे पाठवायचं असेल तर जुनी तक्रार बंद करून नवा कागद निघतो. आणि आठवड्याच्या आढावा बैठकीत विचारतात काय, तर किती तक्रारी निकाली काढल्या. काकांचं म्हणणं, प्रलंबित जास्त दिसल्या की आमच्यावर येतं, मग आम्ही काय करणार. मला ते पटलं. माणसं आळशी आहेत असं नाही, जे मोजलं जातं तेच ती करतात, वर यांनाच इलेक्शन ड्युटी, यांनाच सर्वे.

माझं मत इथेच पक्कं झालं. दाखला आणि तक्रार दोन्ही ऑनलाइन, ऑफिस तेच, तरी एक सेवा चालते आणि दुसरी अडकते, म्हणजे फरक अ‍ॅपचा नाहीच. दाखल्याच्या मागे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. प्रत्येक अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या सेवेला मुदत ठरलेली, पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याची, तो ठरलेला, त्याच्या वर अपील ऐकणारा ठरलेला, हे सगळं बोर्डावर लावायचं, आणि विनाकारण उशीर झाला तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. आमच्या ऑफिसात तो बोर्ड दारातच आहे, वाचून घ्या. तुंबलेल्या चेंबरच्या मागे असं कोणी उभंच नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे, फाइल एका टेबलावर ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं तो सांगतो, पण इथे फाइल टेबलावर थांबतच नाही ना, फिरत राहते.

काम शेवटी झालं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. स्वच्छता निरीक्षकांनी स्वतःहून ग्रुप काढला, त्यात तिन्ही विभागांचे लोक घेतले, आमच्या सोसायटीचे दोघं. सकाळी फोटो टाकला, वाद घालायला जागाच उरली नाही कारण सगळे एकाच ठिकाणी वाचत होते, आणि दुपारी जोराच्या पाण्याने गटार मोकळं करणारी जेटिंगची गाडी आली. त्या माणसाला माझ्याकडून पाच स्टार, खरंच. पण नंतर इंजिनियर साहेबांची बदली झाली, ते ग्रुपमधून बाहेर पडले, नव्या साहेबांना लाइन कुठून कुठे जाते ते पहिल्यापासून सांगावं लागलं, कारण आधीचं सगळं बोलणं लोकांच्या फोनमध्ये, ऑफिसच्या नोंदीत एक ओळ नाही. आणि मागच्या चाळीतल्या बायकांना कोण घेणार त्या ग्रुपमध्ये? पाणी तर आधी त्यांच्या दारात शिरतं.

तेव्हा नवीन अ‍ॅपवर पैसे घालवू नका, आहे त्यातच इंजिनियरला आणि निरीक्षकाला लॉगिन द्या, तक्रार कितीही विभागांत फिरली तरी टोकन तेच ठेवा, आणि तक्रार करणाऱ्याने काम झालं म्हटल्याशिवाय निकाली दाखवू नका. आढाव्यात पुन्हा उघडलेल्या तक्रारी किती तेही विचारा. एवढं केलं तरी ग्रुपवर जे घडलं ते ऑफिसच्या नोंदीत घडायला लागेल, आणि बदली झाली तरी पुढच्या माणसाला सगळं समोर दिसेल.

तोवर तुम्ही जाणार असाल तर दाखल्यासाठी बिनधास्त ऑनलाइन करा, पोचपावती जपून ठेवा, तिच्यावर मुदत लिहिलेली असते. ती उलटली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, वकील लागत नाही. तक्रार असेल तर फोटोत दुकानाची पाटी किंवा खांबाचा नंबर येऊ द्या, आणि काम न होता निकाली आली तर जुना टोकन नंबर लिहूनच पुन्हा टाका, म्हणजे आधीची तक्रार वाचल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही.