पिशवीचा गोबरगॅस: शेण कालवणारीचा अभिप्राय

आधी घरची परिस्थिती सांगते, म्हणजे माझं मत तुमच्या घराला लागू पडतं का ते तुम्हालाच ताडता येईल. आम्ही भुदरगड तालुक्यातले. गोठ्यात तीन म्हशी आणि एक गाय, घरात जेवणारी सहा माणसं, शेतात ऊस आणि थोडं भात. गोठा घराला लागून आहे आणि परसात नळ आहे. या शेवटच्या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करू नका. गोबरगॅस चालतो की बंद पडतो ते बऱ्याचदा तिथंच ठरतं.

आम्ही घेतलाय तो 2 घनमीटरचा, म्हणजे रोज 2 घनमीटर (2,000 लिटर) गॅस देणारा, पिशवीचा. जमिनीत लांबट खड्डा काढायचा, त्यात जाड प्लास्टिकची बंद पिशवी पसरायची, एका टोकाला शेणकाला ओतायची कुंडी, दुसऱ्या टोकाला मळी, म्हणजे गॅस निघून उरलेला पातळ काला, बाहेर पडायची कुंडी. खाली काला, वर गॅस. गॅस साठला की पिशवीची पाठ फुगते, स्वयंपाक झाला की बसते. किती गॅस शिल्लक आहे ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, ही सोय सिलिंडरमध्ये नाही!

मामंजींच्या काळात आमच्याकडे तरंगत्या लोखंडी ड्रमचा होता. गॅस झकास द्यायचा, कारण ड्रमच्या वजनानं दाब कायम एकसारखा. पण लोखंड आणि शेण एकत्र म्हटल्यावर गंज आलाच, दरवर्षी रंग लावा, शेवटी पत्र्याला भोकं. 1984 मध्ये दीनबंधू नावाचा विटांच्या घुमटाचा नमुना आला, त्यात लोखंडाचं कामच नाही. आमच्या भागात आजही बरेच गोबरगॅस याच नमुन्याचे आहेत आणि तो नीट बांधला तर वर्षानुवर्षं चालतो. "नीट बांधला तर" हे मात्र गवंड्यावर. घुमटाला केसाएवढी भेग राहिली तरी गॅस निसटतो, आणि तयार गवंडी हल्ली चटकन मिळत नाही. म्हणून आम्ही पिशवीकडे वळलो. खड्डा तयार असेल तर ती बसवायला दिवस-दोन दिवस पुरतात.

आता गॅसबद्दल. हिशेब सोपा आहे: एक किलो शेणातून साधारण 40 लिटर गॅस. म्हणजे 2 घनमीटरला रोज 50 किलोच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी. आमच्या चार जनावरांत ते निघतं, उन्हाळ्यात ओली वैरण कमी झाली की थोडं कमी पडतं. एक शेगडी तासाला साडेचारशे लिटर गॅस खाते असं धरा. सकाळी चहा, भाजी, भाकऱ्या, संध्याकाळी भात-आमटी आणि दूध तापवणं एवढं आमचं त्यात भागतं. पाहुणे आले किंवा सणाला पुरणपोळ्या असल्या की सिलिंडर लावते. सरकारी हिशेबात 2 घनमीटरचा गोबरगॅस म्हणजे महिन्याला 26 किलो एलपीजी, जवळजवळ दोन सिलिंडर. आमची बचत तेवढी होत नाही. हिवाळ्यात तर निम्म्याच्या थोडी वर.

हिवाळ्याचं कारण समजून घ्या, कारण विकणारे ते सांगत नाहीत. पिशवीत काम करतात ते जिवाणू म्हशीच्या कोठ्यात गवत कुजवणाऱ्यांचेच भाऊबंद. त्यांना ऊब लागते, 35 अंशांच्या आसपास ते जोमात असतात. डिसेंबरात रात्री गारठा पडला की सुस्तावतात. विटांचा घुमट मातीखाली असतो, त्याला थंडी कमी बाधते. पिशवीची पाठ उघडी. यावर मी एवढंच करते की काला पहाटे न कालवता ऊन वर आल्यावर, उन्हात तापलेल्या पाण्यानं कालवते. फरक पडतो. याच जिवाणूंमुळे आणखी दोन पथ्यं: गोठा फिनेलनं धुतला तर ते पाणी कुंडीत जाऊ द्यायचं नाही, आणि डॉक्टरांनी जनावराला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचं शेण काही दिवस उकिरड्यावर. आमच्या गल्लीत एकाचा गॅस "आपोआप" बंद पडला होता, तो याच कारणानं.

भाकरीचा प्रश्न मला सगळ्या बायका विचारतात. फुगते का? फुगते, पण पिशवी भरलेली असेल तेव्हा. पिशवीच्या गॅसला मुळात दाब कमी, आणि पाठ बसत आली की ज्योत लोळते. तवा तापतो, भाकरी भाजते, पण तवा काढून ज्योतीवर टाकली की ती पापडासारखी सपाट. उपाय म्हणजे पाठीवरून पट्टे आवळायचे किंवा वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. आम्ही वाळू भरलेली खताची पोती ठेवतो, तेही पोत्याखाली जुनं गोधडं घालून, म्हणजे घासून पिशवी फाटत नाही. आणि एक: घरातली एलपीजीची शेगडी याला चालत नाही. गोबरगॅसमध्ये जळणारा मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास, बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे जेटचं, म्हणजे शेगडीत गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं लागतं. त्याच्यासाठी वेगळी शेगडी घ्यायची. पैसे वाचवायला घरीच खिळ्यानं भोक वाढवू नका.

गॅसला कुजक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, त्यानं बर्नर खातो. वाटेत लोखंडाच्या किसाचा फिल्टर असतो. तो काळा पडला की बाहेर काढून पातळ पसरून हवेला ठेवायचा, पुन्हा वापरता येतो. ढीग करून ठेवलात तर तापतो, म्हणून पातळच. नळीत पाणी साचतं, ते आठवड्याला काढायचं. ज्योत फडफडायला लागली की नव्वद टक्के वेळा नळीतलं पाणीच असतं.

हे सगळं मला कुणी शिकवलं? इथं माझी तक्रार आहे. बसवायला आलेला तरुण पोरगा कामाचा होता, जोडणी चोख केली. पण समजावून सांगायची वेळ आली तेव्हा सोप्यात खुर्ची टाकून मालकांना आणि दिरांना सांगून गेला. ते दोघं कुंडीत हात घालत नाहीत, शेगडीपुढे बसत नाहीत. मी आत चहा करत होते. हातात दिलेलं माहितीपत्रक इंग्रजीत, त्याची अर्धी पानं हवेतला कार्बन कसा कमी होतो त्याची. फिल्टरचं, पाण्याचं, फिनेलचं मी शेजारच्या गावातल्या एका बाईकडून शिकले, तिचा घुमटाचा गोबरगॅस तिच्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. कंपनीनं तिला पगार दिला पाहिजे. वस्तूला मी पाचपैकी चार देईन, शिकवण्याला दीड.

दुरुस्तीबद्दलही बोलते. कुत्र्यानं नखं मारून कोपऱ्यात छिद्र पाडलं. फोन केला, "माणूस पाठवतो" म्हणाले, आला तो पंधरवडा उलटल्यावर. तेवढे दिवस परत चूल आणि शेणी. ठिगळ चांगलं बसलं, अजून धरून आहे. पण आधी कुंपण करा आणि ठिगळाचं साहित्य पहिल्याच दिवशी घरात मागून ठेवा.

मळीबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहिणार आहे. खरं तर गॅस बंद पडला तरी मी मळीसाठी हे चालू ठेवीन. शेणातलं नत्र यात शाबूत राहतं, तणाचं बी बरंचसं मरतं, माश्या बसत नाहीत, वास जवळजवळ नाही. उसाला पाटाच्या पाण्याबरोबर सोडतो. वाळवून टाकली तर नत्र उडून जातं, म्हणून शक्य तितकी ओलीच वापरायची. युरियाची पोती कमी झाली हे मालक स्वतः सांगतात, आणि ते सहसा कशाचं कौतुक करत नाहीत.

सुरुवातीला काय होतं तेही सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. पहिल्यांदा पिशवी भरायला खूप शेण लागतं, ते शेजाऱ्यांकडून ट्रॉलीनं आणावं लागतं. मग दोन-तीन आठवडे वाट बघा. पहिला फुगलेला गॅस पेटत नाही, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त. तो उघड्यावर सोडून द्यायचा. नळीच्या तोंडाला काडी लावून बघायचा उद्योग करू नका.

अनुदानाचं: केंद्राच्या जैवऊर्जा कार्यक्रमात, 2021-22 ते 2025-26 या टप्प्यासाठी, 2 ते 4 घनमीटरला सर्वसाधारण गटात 14,350 रुपये ठरले होते, शौचालय जोडलं तर 1,600 वर. आमच्याकडे शौचालय जोडायला सासूबाईंनी साफ नकार दिला, त्यावर चर्चा झाली नाही. अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागात करायचा. घ्यायचा नमुना मान्यताप्राप्त यादीत आहे का ते पैसे देण्याआधी तिथंच विचारा, आणि पुढच्या टप्प्याचे दरही.

पाणी डोक्यावरून आणावं लागत असेल तर हे घेऊ नका. 50 लिटर पाणी रोज, म्हणजे तीन-चार घागरी, आणि त्या आणणार कोण ते मी सांगायला नको. माझ्या जावेनं परवा विचारलं. तिच्याकडे दोन म्हशी, माणसं चार, पाणी सार्वजनिक नळावरून. तिला मी 1 घनमीटरचा सांगितला, 25 किलो शेणात भागतो, पण आधी नळाची जोडणी परसात घे म्हटलं. आणि बसवायला माणूस येईल त्या दिवशी चहा दिराला करायला सांग, तू कुंडीपाशी उभी राहा.