गारपीट ऐकू आली, मेघगर्जना मात्र हरवली

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरमध्ये निसर्गावरील पाश्चात्त्य रचनांची मैफल झाली. बाहेरगावाहून आलेला सुमारे चाळीस वादकांचा वाद्यवृंद, ५०० रुपयांचे तिकीट आणि मध्यंतर धरून दोन तासांचा कार्यक्रम असे तिचे स्वरूप होते. मराठवाड्यात एवढा मोठा वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याची संधी क्वचितच मिळते, म्हणून अंबड तालुक्यातल्या आमच्या गावाहून वडिलांनाही मी बोलावून घेतले होते. त्यांचे सारे आयुष्य शेतीत गेले आहे आणि गावच्या भजनी मंडळात ते आजही पखवाज वाजवतात, त्यामुळे त्यांच्या कानावर माझा विश्वास आहे.

आरंभ नॉर्वेचे संगीतकार ग्रीग यांच्या ‘मॉर्निंग मूड’ने झाला. नाटककार इब्सेनच्या ‘पेअर गिंट’ या नाटकासाठी लिहिलेले आणि १८७६ साली रंगमंचावर आलेले हे संगीत ऐकताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नॉर्वेची थंड पहाट उभी राहते. नाटकात मात्र ती सकाळ मोरोक्कोतली आहे. बासरी आणि ओबो (सनईसारखे फुंकून वाजवायचे वाद्य) यांनी आळीपाळीने सुरावट पुढे नेली. वादन नेटके होते आणि चार मिनिटांत संपले.

त्यानंतर इटालियन संगीतकार व्हिवाल्दी यांचे ‘चार ऋतू’ सादर झाले. १७२५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापल्या गेलेल्या या चार रचनांसोबत प्रत्येक ऋतूचे एक सुनीत दिलेले आहे आणि त्यातल्या ओळी कोणत्या स्वरांशी जुळतात, हेही स्वरलिपीत दाखवलेले आहे. ‘वसंत’मधल्या संथ भागात व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या स्वरांचा व्हियोला एकसारखे दोन आघात करत राहतो, तो झोपलेल्या धनगराच्या कुत्र्याचे भुंकणे होय. ही गंमत वादकांनी चांगली साधली. शरद आणि हिवाळा हे दोन्ही ऋतू व्यवस्थित वाजले, त्याहून अधिक त्यांच्याविषयी सांगण्यासारखे नाही. मला विस्ताराने लिहायचे आहे ते ‘उन्हाळा’विषयी, कारण ही रचना मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

तिच्या सुरुवातीलाच व्हिवाल्दी यांनी ‘उन्हामुळे आलेली मरगळ’ अशी नोंद केली आहे. दोन-तीन स्वर खाली ओघळतात, थांबतात, पुन्हा ओघळतात. मधल्या जागा रिकाम्या राहतात. अनेक वाद्यवृंद या जागा घाईने ओलांडतात, कारण पुढे वेगवान वादनाची संधी वाट पाहत असते. या संचाने तसे केले नाही. प्रत्येक विरामात गज तारेपासून अर्धा इंच वर थबकलेला दिसत होता आणि सभागृहात कोणी खोकतही नव्हते. एकल व्हायोलिनवादिकेने कोकिळेची हाक भराभर धावणाऱ्या स्वरांच्या तळाशी ठेवून दिली, तेव्हा वडील माझ्याकडे झुकून म्हणाले, “हा आपला पावशाच की. ‘पेर्ते व्हा’ म्हणतोय.” पक्षी वेगळा आहे, परंतु घराणे तेच.

मधल्या भागात एकल व्हायोलिनची थकलेली सुरावट चालू असते आणि तिच्याभोवती इतर व्हायोलिने तुटक लयीत घोंघावत राहतात. सुनीतात या माशा आणि गांधीलमाश्या आहेत. दमलेल्या धनगराला त्या डोळा लागू देत नाहीत आणि मध्येच एकदम जोराने दूरचा गडगडाट होतो. असे अनेकदा घडते. दरवेळी तो गडगडाट थांबल्यावर वादकांनी आवाज आधीपेक्षाही खाली आणला. वळीव येण्याआधी आभाळ दाटते, झाडाचे पान हलत नाही आणि गोठ्यातली जनावरे कान टवकारतात, ती घटका ज्याने अनुभवली आहे त्याला हा भाग अंगावर येतो. वडील खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते.

शेवटचा भाग म्हणजे वादळ. सुनीताच्या अखेरीस गारा उभ्या पिकाची कणसे छाटून टाकतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. काढणीला आलेला आमचा गहू आणि मोसंबीची बाग तिने अर्ध्या तासात झोडपून काढली होती. म्हणून हे वेगवान वादन मला कौशल्याचे प्रदर्शन वाटले नाही. सगळी तंतुवाद्ये एकाच घावात खाली उतरत होती आणि तरीही त्यातला प्रत्येक स्वर वेगळा, टणक ऐकू येत होता. ‘उन्हाळा’ संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला. वडिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते एवढेच म्हणाले, “पत्र्यावर असाच आवाज होता.”

मध्यंतरानंतर बीथोव्हेन यांची सहावी, म्हणजे ‘पास्टोरल’ (ग्रामजीवनावरील) सिंफनी होती; सिंफनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली आणि पाचवी सिंफनीही त्याच रात्री पहिल्यांदा लोकांपुढे आली. ‘चित्रणापेक्षा भावनेची अभिव्यक्ती अधिक’ असे बीथोव्हेन यांनी या रचनेविषयी नमूद केले होते. मला हे आपल्या मल्हार या पावसाळी रागाच्या जवळचे वाटते. मियाँ मल्हार गाणारा गायक पावसाचा आवाज काढत नाही. आंदोलित गंधार आणि दोन निषाद यांतून तो पावसाळी मन उभे करतो.

ओढ्याकाठच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लाव्हा आणि क्लॅरिनेटवर कोकीळ बोलतात. पक्ष्यांची ही नावे स्वरलिपीतच लिहिलेली आहेत. १८०२ साली याच बीथोव्हेन यांनी आपल्या वाढत्या बहिरेपणाविषयी लिहिताना, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दूरची बासरी ऐकू येते आणि मला येत नाही, अशी व्यथा मांडली होती. ते मनात ठेवून ऐकताना बासरीचा तो पहिला स्वर फार जपून लावला गेला, याबद्दल वादकाचे मनापासून आभार.

खंत आहे ती चौथ्या भागातल्या वादळाची, आणि तो दोष वादकांचा नाही. पूर्वार्धात बेताने ठेवलेला ध्वनिवर्धकांचा आवाज उत्तरार्धात वाढवण्यात आला होता. तिसऱ्या भागातल्या गावकऱ्यांच्या नाचातच तो इतका चढला की वादळासाठी वर जागाच उरली नाही. बीथोव्हेन यांनी टिंपनी (नगाऱ्यासारखे चर्मवाद्य) तीन भाग पूर्ण मुकी ठेवली आहे, ती नेमकी वादळात पहिल्यांदा कडाडावी म्हणून. ती कडाडली, पण कर्ण्यांतून आलेल्या सरसकट गोंगाटात तिचा धक्का छातीला जाणवला नाही. पखवाज वाजवणाऱ्या वडिलांनी हे माझ्याआधी हेरले. “चामड्याचा आवाज असा चपटा नसतो,” असे ते म्हणाले. त्याच ठिकाणी चेलो आणि डबल बास ही खर्जाची तंतुवाद्ये, म्हणजे चेलो पाच-पाच स्वरांचे आणि डबल बास चार-चार स्वरांचे गट एकाच वेळी वाजवतात. ते एकमेकांत नीट बसत नाहीत, त्यातूनच जमिनीखालून येणारी गुरगुर तयार होते. आम्हाला फक्त एक घूं घूं असा आवाज ऐकू आला. वादळ ओसरल्यावर पाचव्या भागातले धनगराचे आभारगीत पुन्हा स्वच्छ ऐकू आले, कारण तिथे मुळातच आवाज सौम्य होता.

आयोजकांना दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. चाळीस वादकांना मध्यम आकाराच्या सभागृहात ध्वनिवर्धकाची गरज नसते, तेव्हा पुढच्या वेळी ते बंद ठेवून पाहावेत. दुसरे असे की कार्यक्रमपत्रिका केवळ इंग्रजीत होती. व्हिवाल्दींच्या चार सुनीतांचा मराठी अनुवाद एका पानात मावला असता. ‘उन्हाळा’ चालू असताना मी वडिलांना सुनीताचा अर्थ कुजबुजत सांगत होतो, ते शेजारच्या तिघांनी ऐकले आणि मध्यंतरात येऊन गारांची ओळ पुन्हा एकदा विचारून घेतली.