‘सातबारा’ म्हणाला तिथेच फोन ठेवायला हवा होता

४,००० रुपयांच्या अडलेल्या हप्त्यांसाठी ४८,६५० रुपये गमावून बसलो. थोरल्या भावाला अजून सांगितलेले नाही, तोंड नाही. पण आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणखी कुणाच्या काजूचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून लिहितो.

पीएम किसानचे वर्षाचे ६,००० मला २०१९ पासून येत होते. मग लागोपाठ दोन हप्ते आले नाहीत. पोर्टलवर ‘लँड सीडिंग’पुढे, म्हणजे जमिनीची नोंद योजनेला जोडली का यापुढे, ‘नाही’. कृषी कार्यालयात तीन खेपा घातल्या. एकदा एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीचा, उतारा दिला, एकदा आधारची झेरॉक्स, तिसऱ्यांदा ऐकले, “वरून होईल, थांबा.” नेमके काय अडले आहे हे एकाही माणसाने सांगितले नाही.

एप्रिलमध्ये दुपारी बिया वाळत घालत होतो तेव्हा फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता. माझे नाव, गाव त्याला ठाऊक. आता कळते, गाववार लाभार्थी यादी कुणालाही बघता येते. ती जाहीर असावीच, नाहीतर बोगस नावे कशी सापडणार? पण त्या क्षणी मला वाटले, नाव घेतो म्हणजे खात्यातलाच. “हप्ता अडला आहे ना?” त्याने विचारले. “दोन अडलेत,” हे मीच सांगितले.

मग तो म्हणाला, “आपका सातबारा अपडेट नहीं है.”

सातबारा! गोव्यात सातबारा असतो कुठे? आमचा उतारा एक-चौदाचा, हे कृषी कार्यालयातला शिपाईसुद्धा जाणतो. कानाला खटकलेही. पण मनात आले, दिल्लीत बसलेल्या माणसाला आपले काय ठाऊक. उलट मीच त्याला सुधारले. “हां हां, वही,” तो म्हणाला. रात्री झोप येत नाही ती या शब्दांमुळे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल आली, वर योजनेचे चिन्ह. मोबाईलने धोक्याची सूचना दिली, मी ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबले. नोंदणीसाठी १ रुपया मागितला, मी पिन घातला. पैसे देणारे सरकार पिन मागत नाही, हे लक्षात ठेवा. लोक मला विचारतात, ओटीपी कशाला दिलास? मी कुणालाही ओटीपी दिला नाही! त्या अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली होती, ओटीपी परस्पर तिकडे जात होते. २०,००० गेले, पुन्हा २०,००० गेले.

बँकेत धावलो. काउंटरवर सांगितले, खाते आधी बंद करा. “लेखी अर्ज आणा.” मी अर्ज लिहीत असताना तिसरे ८,६५० गेले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे की ग्राहकाने कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे. मॅनेजर म्हणतात, तुम्ही तोंडी सांगितले, नोंद नाही. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच काउंटरवर पैसे गेले तरी चूक माझीच! पोलीस ठाण्यात सांगितले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, आधी फोन का नाही केला? अरे, तो नंबर बँकेच्या भिंतीवर तरी लावा! मी तो दुसऱ्या दिवशी लावला, तोवर पैसे पुढच्या खात्यांतून काढलेले होते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर मोबाईलचे नेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून लगेच १९३० लावा. अर्जबिर्ज नंतर. ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, फक्त योजनेच्या पोर्टलवर, तिच्या अधिकृत अ‍ॅपवर किंवा सेवा केंद्रात, लिंकवरून आलेल्या फाईलवर कधीच नाही.

आणि कृषी कार्यालयाला विचारतो, यादीत नाव सगळ्या जगाला दिसते, मग हप्ता कशामुळे अडला हे माझ्या पंचायतीच्या फलकावर का लागत नाही? माहिती हक्क कायद्याचे कलम ४ सांगते की कार्यालयाने माहिती आपणहून जाहीर करावी. ते कारण मला कळले असते तर मी त्या फोनवर दोन मिनिटेसुद्धा थांबलो नसतो.

‘लँड सीडिंग’पुढे आजही ‘नाही’च आहे. सोमवारी एक-चौदाचा उतारा पुन्हा घेऊन जातो आहे. या वेळी शिक्क्याची पोचपावती हातात आल्याशिवाय काउंटर सोडणार नाही.