दोन ऑफर हातात असताना: आधी बेस बघा, पास नंतर

नव्या वैमानिकाच्या हातात दोन ऑफर लेटर पडली की नजर आधी पगारावर जाते आणि मग ‘कुटुंबासह मोफत प्रवास’ या ओळीवर, म्हणजे पासवर, थबकते. बेसबद्दल, म्हणजे तुमची ड्युटी जिथून सुरू होते आणि जिथे संपते त्या शहराबद्दल, कुठेतरी तळाशी एवढंच लिहिलेलं असतं: ‘कंपनीच्या गरजेनुसार’. पहिली दोन-तीन वर्षं घरी किती राहाल, झोप किती मिळेल हे त्या तळाच्या ओळीवर ठरतं. त्यामुळे मी तुलना तिथूनच सुरू करतो.

पहिला प्रकार अनेक बेस असलेल्या मोठ्या कंपन्यांचा. अमेरिकेतल्या डेल्टा, युनायटेड, अमेरिकन यांच्यासारख्या. इथे बेस, विमानाचा प्रकार, सुट्ट्या, सगळं सीनियॉरिटीच्या आकड्यावर ठरतं. तुमचा आकडा सगळ्यात खालचा, म्हणजे ज्येष्ठांनी सोडलेल्या जागांतून निवडायचं. न्यूयॉर्क हा तिथल्या बऱ्याच कंपन्यांमध्ये असा नव्यांच्या वाट्याला येणारा बेस म्हणून ओळखला जातो. पण नको असलेल्या बेसचा एक खरा फायदा आहे. तिथे तुमच्या वरची माणसं सतत बदली घेत असतात, त्यामुळे रिझर्व्हमधून (ठरलेली उड्डाणं नाहीत, बोलावतील तेव्हा हजर व्हायचं) सुटून ठरलेलं वेळापत्रक लवकर मिळतं. घराजवळचा, सगळ्यांना हवासा बेस चुकून मिळाला, तर त्याच यादीच्या तळाशी वर्षानुवर्षं अडकून पडण्याची तयारी ठेवावी लागते.

दुसरा प्रकार एकच बेस असलेल्या कंपन्यांचा: एमिरेट्सचं दुबई, कतार एअरवेजचं दोहा, सिंगापूर एअरलाइन्सचं सिंगापूर. बेससाठी बोली लावायचा, म्हणजे पसंती नोंदवायचा, प्रश्नच नाही. आखाती कंपन्या घर किंवा घरभत्ता देतात, हा मोठा आधार. मात्र अख्खं कुटुंब हलवावं लागतं आणि राहण्याचा परवाना सहसा नोकरीला बांधलेला असतो. जोडीदाराची नोकरी चांगली चालली असेल, तर हा निर्णय एकट्याने घेऊ नका.

तिसरा, युरोपातल्या रायनएअरसारख्या कंपन्यांचा. बेस पुष्कळ, उड्डाणं छोटी, रात्री बहुधा घरी. ५ दिवस काम आणि ४ दिवस सुट्टी असा ठरलेला क्रम. लहान मुलं असलेल्यांना मी हाच प्रकार आधी बघायला सांगेन. एकच अडचण: बेस छोटा असेल तर कंपनी तो बंदही करू शकते, म्हणून दुसरीकडे पाठवण्याबद्दलचं कलम नीट वाचा.

आता पासकडे. पास म्हणजे जागा नव्हे. सगळे प्रवासी बसल्यावर खुर्ची उरली तर ती तुमची. ती कोणाला आधी, हे प्रत्येक कंपनीत वेगळं. अमेरिकन एअरलाइन्समध्ये कर्मचाऱ्यांचा क्रम चेक-इनच्या वेळेवर लागतो, तर युनायटेडमध्ये सेवेच्या ज्येष्ठतेवर. नव्या माणसाला पहिली पद्धत कितीतरी सोयीची. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचं असेल तर ‘झेड’ भाडं लागतं. हे सवलतीचं भाडं अंतराच्या टप्प्यांवर ठरतं, पण दोन्ही कंपन्यांत करार हवा आणि जागा बहुधा तरीही स्टँडबायच, म्हणजे उरली तरच. कॉकपिटमधली जम्पसीट, म्हणजे तिथली जादा खुर्ची, वैमानिकाला शेवटचा आसरा देते, पण ती कॅप्टनच्या परवानगीने मिळते आणि कुटुंबाला तिचा उपयोग नाही.

सुट्टीच्या सहलीसाठी हे सगळं छान आहे. दुसऱ्या शहरातून कामावर जाण्यासाठी हाच पास वापरायचा ठरवलात की गणित फिरतं. रिझर्व्हवर शॉर्ट कॉल असेल तर फोन आल्यावर थोड्याच वेळात विमानतळावर हजर व्हावं लागतं, म्हणजे कामाचे सगळे दिवस बेसच्या शहरातच काढायचे. मग ‘क्रॅशपॅड’ येतो: चार-सहा वैमानिकांनी भाड्याने घेतलेली खोली, एकावर एक पलंग. हा खर्च पगारातून वजा करूनच दोन ऑफरची तुलना करा.

कंपनी तुम्हाला एका ठिकाणाहून दुसरीकडे कामासाठी नेते त्याला डेडहेड म्हणतात. त्यात जागा पक्की असते आणि तो वेळ ड्युटीत धरला जातो. घरून बेसला जाणं मात्र तुमचा खासगी प्रवास, तो तुमच्या विश्रांतीतूनच कापला जातो. अमेरिकी नियमात ड्युटीआधी किमान १० तासांची विश्रांती आहे, पण त्यातले चार तास गेटवर नाव पुकारण्याची वाट बघत गेले तर ते कोणी भरून देत नाही. घर ते बेस प्रवासाला नेहमी ९० मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर जवळ तात्पुरती सोय करण्याचा विचार करा, असं युरोपीय नियमांसोबतचं मार्गदर्शन सांगतं. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्याची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आदल्या रात्री सिएटलहून देश ओलांडून नेवार्कच्या बेसला आली होती. अपघाताचं मुख्य कारण कॉकपिटमधली चुकीची हाताळणी ठरलं. तरी थकव्याचा परिणाम दोन्ही वैमानिकांवर झाला असावा, असं तपासात नोंदवलं गेलं. मी नवीन होतो तेव्हा एका संध्याकाळी तीन विमानं माझ्यासमोर भरून गेली आणि पहाटेच्या ड्युटीला मी बाकावरच्या तुटक झोपेनंतर उभा होतो. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं.

काही मालवाहू कंपन्या घराजवळच्या विमानतळावरून कामाच्या ठिकाणापर्यंत पक्कं तिकीट काढून देतात. सलग बरेच दिवस बाहेर राहावं लागतं, पण घर हलवायचं नसेल तर माझ्या मते हे तिकीट कुटुंबाच्या अमर्याद पासपेक्षा मोलाचं.

सही करण्याआधी एवढं विचारून घ्या: मागची तुकडी रिझर्व्हवर किती महिने होती? बेस बदलायचा अर्ज कधीपासून करता येतो? वेळेत निघूनही दोन विमानांत जागा मिळाली नाही, तर गैरहजेरी माफ करणारं कलम करारात आहे का? पास पहिल्या दिवसापासून की काही महिन्यांनी, आणि त्यात आईवडील येतात का? आणि घरून बेसला थेट विमान दिवसातून एकच असेल, तर कम्यूटचा, म्हणजे दुसऱ्या शहरातून ये-जा करण्याचा, विचार सोडून बेसच्या शहरात घर बघा.