मेस्त्राले की झिरो जी? टूरिंग बूट घेताना आधी पाय मोजा

टूरिंग बूट म्हणजे स्की लावून डोंगर चढायला आणि उतरायला वापरायचा बूट. तो लवकर मोडला की लोक प्लॅस्टिकला नावं ठेवतात. बूट उघडून पाहिला तर बऱ्याचदा वेगळंच निघतं: तो एक साइझ मोठा घेतलेला असतो. पाय आत हलतो म्हणून बकल शेवटच्या दातापर्यंत आवळलं जातं. बकलची तार वाकते, पातळ शेल (बाहेरचं कडक कवच) तिथे आत दबतं, कफ (घोट्याच्या वर नडगीभोवतीचा, पुढेमागे फिरणारा भाग) तिरका बसतो आणि सगळा ताण घोट्याजवळच्या रिव्हेटवर येतो. सैल बूट पायाला सुखाचा वाटतो खरा, पण आधी मोडतो तोच. म्हणून इथे मापाबद्दल जास्त आणि मॉडेलबद्दल कमी लिहिलं आहे.

तरी मॉडेलपासूनच सुरुवात करू. दोन्ही बूट उत्तर इटलीतल्या त्रेव्हिझो भागातल्या कंपन्यांचे. स्कार्पा आसोलोची, तिच्या मेस्त्रालेला भूमध्य समुद्रावरच्या वायव्य वाऱ्याचं नाव दिलेलं आहे. दुसरा टेक्निकाचा झिरो जी टूर प्रो, २०१९-२० च्या हंगामात आलेल्या रचनेचा. मेस्त्रालेचा साचा चवड्यात १०१ मिलिमीटर रुंद, झिरो जीचा ९९. चढताना मेस्त्रालेचा कफ ६१ अंशांत पुढेमागे फिरतो, झिरो जीचा ५५ अंशांत. झिरो जीचा एक बूट २६.५ साइझमध्ये सुमारे १,३२० ग्रॅम भरतो, मेस्त्राले त्याहून थोडा जड. फ्लेक्सचे, म्हणजे बूट किती ताठ ते सांगणारे आकडे मेस्त्रालेला ११० आणि झिरो जीला १३० असे छापलेले असतात, पण हा आकडा कुठल्याही समान मापाने ठरत नाही. एका कंपनीचा ११० दुसरीच्या १२० पेक्षा ताठ निघू शकतो. एकाच कंपनीच्या दोन बुटांची तुलना करायला तो ठीक आहे, त्यापलीकडे त्यावर विसंबू नये.

खरा फरक बांधणीत आहे. मेस्त्रालेला पुढे जीभ आहे आणि ती बाजूला फिरून उघडते, त्यामुळे पाय सहज आत जातो. झिरो जी साध्या अल्पाइन बुटासारखा, शेलचे दोन पदर एकमेकांवर येणारा, चार बकलांचा. वेगात, कडक बर्फावर तो जास्त एकसंध वाटतो. पण पहाटे उणे दहा अंशांत ते पदर फाकवून पाय घालणं म्हणजे कुस्तीच. शेल रात्री खोलीत ठेवायचं, गाडीच्या डिकीत नाही. एवढी एक सवय लावली तरी ही कुस्ती निम्मी होते आणि गारठलेलं प्लॅस्टिक ताणून कड चिरण्याचा धोकाही टळतो.

आता माप. स्की बुटाचा आकडा म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. भिंतीला टाच टेकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन द्या आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा, लांब पायाचं माप धरा. २६५ मिलिमीटर आलं तर साइझ २६.५. रोजच्या बुटाचा नंबर इथे निरुपयोगी आहे, कारण तो बहुतेकांनी मुळातच मोठा घेतलेला असतो. आणखी एक गोम: अर्ध्या साइझला वेगळं शेल नसतं. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं शेल एकच, काहींत २६.५ आणि २७ चं. फरक लायनरमध्ये (शेलच्या आतल्या मऊ बुटात) किंवा आतल्या तळव्याच्या जाडीत. त्यामुळे अर्धा नंबर वर गेल्याने कधी काहीच बदलत नाही आणि कधी अख्खं शेल बदलतं. ज्या कंपनीचा बूट घ्यायचा तिचं शेल कुठे बदलतं हे दुकानात आधी विचारा.

त्यानंतर लायनर काढून नुसत्या शेलमध्ये पाय घाला. बोटं पुढे हलकी टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. १० ते १५ मिलिमीटर उरली तर बूट घट्ट, वेगाने उतरणाऱ्यांसाठी. १५ ते २० हे टूरिंगला योग्य. २५ च्या वर गेलं तर बूट मोठाच आहे, विक्रेत्याने काहीही सांगितलं तरी. दोन बोटं एकावर एक धरली की साधारण अंदाज येतो, पण बोटांची जाडी माणसागणिक वेगळी. १५ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी बरोबर नेलेली बरी. त्याच वेळी चवड्याच्या दोन्ही कडा, घोट्याचं आतलं हाड आणि करंगळीच्या मुळाशी शेल टेकतं का तेही पाहून घ्या. लायनर घातल्यावर ही जागा आणखी कमी होणार.

आयुष्यभर चपलेत वाढलेला पाय चवड्यात पसरलेला आणि टाचेत बारीक असतो, आणि नेमका हाच पाय बसवायला सर्वांत अवघड. रुंदी मिळावी म्हणून लांबी वाढवली की चवडा सुटतो, पण टाच उचलली जाते. टाच उचलली की चढाईच्या दुसऱ्या तासाला फोड ठरलेला. अशा पायाने आधी मेस्त्राले बघावा. ९९ मिलिमीटरचा झिरो जी घेतला तर चवड्यात शेल फुगवून (तापवून, दाबून बाहेर ताणून) घ्यावं लागेल हे गृहीत धरूनच घ्यावा. छापलेली रुंदी साधारण २६.५ साइझची असते आणि एक पूर्ण साइझ वर गेलं की ती सुमारे २ मिलिमीटरने वाढते, हेही ध्यानात असू द्या.

लायनरसकट बूट घातल्यावर सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकायलाच हवीत. गुडघे पुढे झुकवले, नडगी जिभेवर दाबली की टाच मागे सरकते आणि बोटं सुटतात. सरळ उभं असतानाच बोटं मोकळी असतील तर तो बूट परत द्या. एकच पातळ मोजा घाला. दोन जाड मोजे घातल्याने पाय ऊबदार राहत नाही, उलट रक्ताभिसरण दाबलं जाऊन बोटं बधिर होतात. दुकानात किमान वीस मिनिटं घालून फिरा, अर्धा वेळ चालण्याच्या मोडमध्ये (कफ मोकळा) आणि अर्धा उतरण्याच्या (कफ अडकवलेला).

फिटिंगच्या कामांचा क्रम चुकला की पैसे वाया जातात. आधी आतला तळवा बसवायचा. कमान खचलेल्या पायाची लांबी उभं राहिल्यावर काही मिलिमीटर वाढते. आधार मिळाला की ती आवरते आणि अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. मग लायनर तापवायचा. ईव्हीए फोमचा लायनर साधारण ११० ते १२० अंशांवर दहा-बारा मिनिटं तापवतात. त्याआधी बोटांवर फोमची टोपी चढवतात आणि घोट्याच्या हाडावर पातळ गादी चिकटवतात, म्हणजे तेवढी जागा मोकळी राहते. बकलं हलकी लावून, चवड्याखाली छोटी पाचर ठेवून, बूट गार होईपर्यंत आठ-दहा मिनिटं न हलता उभं राहायचं. या वेळात कोणी फोनसाठी वाकलं की साचा बिघडला. शेवटी बूट तीन-चार दिवस वापरून, तरीही जिथे टोचेल तिथेच शेल फुगवायचं.

शेल फुगवताना प्लॅस्टिक कुठलं ते विचारावंच लागतं. पॉलियुरेथेन मऊ होतं, साच्याने दाबलं की तसंच राहतं. टूरिंगमध्ये ते कमी, कारण जड. पेबॅक्स लवचिक आणि थंडीत चिवट, पण त्याला जुना आकार आठवतो. गरम करून, दाबून, रात्रभर प्रेसमध्येच गार करावं लागतं, तरी थोडं परत येतंच. पहिल्या पिढीचा मेस्त्राले पेबॅक्सचा होता. ग्रिलामिड हलकं आणि ताठ, म्हणून हल्ली सगळीकडे तेच. मात्र त्याला मऊ होण्याचं तापमान आणि वितळण्याचं तापमान यांत फार अंतर नाही. घाईने हीट गन धरली की शेलवर चमकदार डाग पडतो, आणि तिथेच पुढे भेग जाते. कार्बन मिसळलेल्या प्लॅस्टिकला तर फार हात लावता येत नाही. मेस्त्राले आरएस (मेस्त्रालेची जास्त ताठ आवृत्ती) किंवा झिरो जीचा कार्बनवाला कफ पोटरीला दाबत असेल तर तो तापवून सुटेल अशी आशा ठेवू नका. तिथे लायनर बदलणं किंवा बकलची जागा सरकवणं हाच उपाय.

नवी कोल्हापुरी चावते आणि महिनाभरात पायाला बसते. स्की बुटात असं बसणारं काम फक्त लायनर करतो. शेल आहे तसंच राहतं. पहिल्या पंधरा-वीस दिवसांत लायनरचा फोम दबतो आणि बूट सैल होतो, तेही धरून माप घ्यावं. पहिल्या दिवशी अगदी मऊ वाटणारा बूट दुसऱ्या हंगामात मोठा होतो.

टिकाऊपणाचं म्हणाल तर सर्वांत आधी हलू लागतो तो कफचा सांधा. चढाईत कफ दिवसाला हजारो वेळा पुढेमागे होतो. वाळूचे कण आत जातात, छिद्र घासून मोठं होतं आणि कफ आडवा डुलू लागतो. उतारावर वळण उशिरा लागतंय असं वाटलं तर आधी हा सांधा तपासा. बूट घट्ट धरून कफ डावीउजवीकडे हलवायचा. स्क्रूचा सांधा असेल तर आवळता येतो, रिव्हेटचा असेल तर काढून नवा बसवावा लागतो. चालणं-उतरणं बदलणाऱ्या लिव्हरचे स्क्रूही सुटतात. हंगामापूर्वी ते काढून मध्यम ताकदीचं निळं थ्रेड लॉक (स्क्रू सुटू न देणारा गोंद) लावून पुन्हा बसवायचे. लाल लावू नका, मग ते हाताने निघत नाहीत.

लिव्हरबद्दल आणखी एक. टाचेमागे बर्फ साचून गोठला की लिव्हर खाली आल्यासारखी दिसते, पण आतला दांडा खाचेत पूर्ण बसलेला नसतो. पहिल्याच वळणावर कफ सुटतो आणि कधीकधी दांडाही वाकतो. उतरण्याआधी खाच टोकाने साफ करा, कफ मागे झुकवा आणि 'टक' असा आवाज ऐका. आवाज आला नाही तर उतरू नका.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जोडणारा भाग. पिन बाइंडिंग बुटाला धातूच्या टोकांनी पकडतं. त्यासाठी बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूच्या वाट्या आणि टाचेत धातूची खाच असते. ही रचना ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेलने १९८० च्या दशकात काढली आणि आजही टूरिंग बुटांचा मुख्य आधार तीच आहे. दगडावरून चालताना पुढचं रबर झिजतं, मग दगड थेट धातूला लागतो. वाट्या झिजल्या की स्की नको तेव्हा सुटते. बूट बाइंडिंगमध्ये लॉक करून टाच बाजूला हलवून पाहा. नव्या बुटाच्या तुलनेत स्पष्ट हालचाल जाणवली तर बाइंडिंग दुरुस्त करून उपयोग नाही, बूटच संपलेला आहे. सेकंडहँड बूट घेणाऱ्यांनी सर्वांत आधी ही जागा पाहावी. नुसत्या ओरखड्यांना घाबरायचं कारण नाही.

बकलची तार आणि दातांची पट्टी हे सुटे भाग आहेत. दौऱ्यावर जाताना एक बकल, योग्य टोकाचा टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर, पातळ तार आणि दोन मजबूत पट्टे बरोबर ठेवले की डोंगरात तुटलेल्या बकलसकट खाली येता येतं.

वापर कुठे, त्यावरही निवड ठरते. गुलमर्गला गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगराच्या खांद्यावर जायचं, थोडं चढायचं आणि खूप उतरायचं, तर पाय बसत असेल तिथे झिरो जी सरस. फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झेरमातपर्यंत असा अनेक दिवसांचा मार्ग असेल, रोज चार-पाच तास चढाई आणि मध्ये हिमनदी व खडकावर चालणं, तर मेस्त्रालेचे जास्तीचे सहा अंश संध्याकाळी पिंडरीला जाणवतात.

गुलमर्गच्या खोलीतली बुखारी (खोली ऊबदार ठेवणारी शेगडी) बुटाची वैरीण आहे. ओले लायनर तिला टेकवून ठेवले की फोम आकसतो आणि बुटाच्या तळाचा गोंद सुटतो. लायनर काढून, आत वर्तमानपत्र कोंबून, बुखारीपासून हात-दोन हात लांब ठेवावे. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांचं मुख्य काम त्यानंतर सुरू होतं, कारण बूट वर्षातले दहा-अकरा महिने कपाटात असतो आणि त्यातले चार पावसाचे. दमट हवेत पॉलियुरेथेनचे भाग आतून तुटत जातात, स्प्रिंगा गंजतात, लायनरला बुरशी लागते. लायनर बाहेर काढून, वाळवून, वेगळ्या सुती पिशवीत ठेवा. शेलचे सांधे पुसून त्यांवर सिलिकॉनचा हलका फवारा मारा आणि बकलं अगदी सैल लावून ठेवा, म्हणजे शेल फाकत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, त्यात ओल आतच कोंडते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या ऑगस्टमध्ये एकदा बदला.